डोमाभाऊ शिंप्याची हाक

छाती मोजून झाली की डोमाभाऊ गिऱ्हाइकाला ओरडायला लावायचा. टेप छातीला गुंडाळलेलीच ठेवून म्हणायचा, "आता एक हाक द्या जी. पोटातून." आलापल्लीला नवीन बदलून आलेला माणूस आधी इकडंतिकडं बघायचा, मग घसा खाकरून बकरीसारखं काहीतरी करायचा. डोमाभाऊ टेप सोडायचा. "ठीक हाय. प्यांट बुधवारी न्या." म्हणजे गडी नापास.

मी पास झालो. चांद्याहून शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. बापानं मागं ठेवलेला आवाज तेवढा माझ्या वाट्याला आला होता, बाकी सगळं चुलत्यांनी नेलं. मी 'ओऽऽ' केलं तसा शेजारचा हॉटेलवाला हातातली बशी घेऊन बाहेर आला. डोमाभाऊच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं.

"मास्तर, ऐतवारी काय करून राह्यले तुमी?"

त्याचा स्वतःचा आवाज सुईच्या नाकातून ओढून काढल्यासारखा बारीक. मी म्हटलं, झोपतो.

"झोपून काय होते? नदीकाठानं फिराले चाला. तब्येतीले चांगलं."

तब्येतीचं हे कोण बोलत होतं, तर वर्षानुवर्षं मशीनवर वाकून ज्याची पाठ धनुष्य झाली होती असा माणूस. जंगलखात्याचे सगळे कपडे त्याच्याकडं. खाकीशिवाय दुसरं कापड त्याच्या हातांना समजत नसे. नवरदेवाचा कोट शिवला तरी त्याला शिट्टी ठेवायचा खिसा निघायचा. कुणी तक्रार केली तर ठरलेलं उत्तर, "कापड म्हंजे शब्द हाय जी. एकदा कापलं की कापलं."

नदीकाठची वाट अहेरीच्या पुढून सुरू व्हायची, आणि अहेरीपर्यंत न्यायला लाकडाचा ट्रक. ट्रकवाला उस्मान कुणासाठी थांबत नसे, रेंजरसाठीसुद्धा नाही. डोमाभाऊसाठी मात्र थांबायचा, कारण उस्मानची चांगली प्यांट डोमाभाऊच्या पिशवीत असायची. दर आठवड्याला तिचं एखादं बटण ढिलं व्हायचं, शिवण उसवायची, आणि अहेरीत उतरल्याशिवाय ती परत मिळायची नाही. शिवण कशी उसवायची हे देवाला आणि डोमाभाऊला ठाऊक. आम्ही मागं सागाच्या ओंडक्यांवर बसायचो. उतरेपर्यंत ओंडका कुठं संपला आणि मी कुठं सुरू झालो हे मला सांगता येत नसे.

गावाबाहेर मोहाचं एक जुनं झाड होतं. तिथून प्राणहितेच्या काठाकाठानं पायवाट आत शिरायची. झाडाखाली डहाळ्यांचा ढीग. आत जाणारा प्रत्येक जण तिथं एक डहाळी टाकतो, म्हणजे वाघ वाटेला येत नाही. डोमाभाऊ माझी डहाळी पण स्वतःच टाकायचा. "तुमी शिकलेले लोक, टाकान कशीबी. अन् त्याची सजा मले."

वाटेत वाघाचं नाव घ्यायचं नाही. वाघ म्हणजे 'मोठं गिऱ्हाईक' आणि अस्वल म्हणजे 'बिनमापाचं'. पाचोळ्यात काही सळसळलं की डोमाभाऊ माझ्या पाठीमागं. म्हणायचा, "मास्तर, तुमी पुढं चाला. तुमची छाती मोठी हाय, मी मोजली हाय." असं घाबरत, ठेचकाळत आम्ही नदीवर झुकलेल्या एका काळ्या खडकाशी पोचलो. समोर रुंद पात्र, पलीकडं हैदराबाद राज्यातलं एक छोटं गाव, दोन-चार कौलं.

"आता द्या हाक," डोमाभाऊ म्हणाला.

"काय म्हणू?"

"काई नका म्हणू. नुसती ओऽऽ."

मी दिली. थोडा वेळ काही नाही. मग पलीकडच्या घाटावर लाल लुगडं दिसलं, आणि पाण्यावरून आवाज आला, टण्, टण्. पाणी भरायच्या पितळी गुंडावर दगड मारल्याचा.

डोमाभाऊनं टोपी नीट केली. "चाला. झालं फिरणं."

"हे काय होतं?"

"तुमचाच आवाज जी. दगडावर आपटून वापस येते."

मी शाळेत मुलांना प्रतिध्वनी शिकवत होतो. लाल लुगडं नेसून घाटावर येणारा प्रतिध्वनी माझ्या पुस्तकात नव्हता. पण दर ऐतवारी मी जात राहिलो. त्या गावात ऐतवारी दुसरं करायला होतं काय?

शेवटी उस्माननंच सांगितलं. "मास्तर, तुम भी कमाल करते हो. वो बहन है उसकी."

बहिणीचं नाव भागरता. तिच्या मुलीच्या लग्नात, भाचीच्या पाठीशी मामा म्हणून उभं राहायला डोमाभाऊ निघाला होता, नवरीची हिरवी चोळी स्वतः शिवून. पलीकडं नेणारा लाकडी डोंगा नदीच्या मधोमध वाळूत रुतला. मुहूर्त टळायला नको म्हणून भाऊजीनं दुसऱ्याच कुणाला मामाच्या जागी उभं केलं. डोमाभाऊ ओल्या धोतरानं मांडवात पोचला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भर मांडवात त्यानं शब्द टाकला, "या घरची पायरी चढणार नाई. अन् भागे, तुले कधी हाकबी मारणार नाई." चोळी तिथंच टाकली आणि परत फिरला.

कापलं ते कापलं. स्वतः हाक मारणार नाही म्हणाला होता. दुसऱ्याच्या गळ्यानं मारवून घेणार नाही असं थोडंच म्हणाला होता?

मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हणजे मी मास्तर नव्हतो, भोंगा होतो. पुढच्या ऐतवारी जायचं नाही असं ठरवलं, आणि ऐतवारी मुकाट्यानं ओंडक्यावर जाऊन बसलो.

मग पावसाळा लागला. वाट बंद झाली. त्या दिवसांत डोमाभाऊनं माणसांच्या प्यांटींना किती चुकीची मापं लावली, ते अर्ध्या आलापल्लीनं घालून बघितलं. दिवाळी झाली, वाट सुकली, आणि आम्ही निघालो. त्या दिवशी तो माझ्या पुढं चालत होता. गिऱ्हाइकाची भीती कुठं गेली कोण जाणे.

खडकावरून मी हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. घाटावर कुणी नाही.

"पोटातून द्या जी, मास्तर," डोमाभाऊ म्हणाला. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो.

आणि पलीकडून डोंगा सुटला. नदीवर हाक मारली की डोंगा येतो, ही तिथली रीतच. पण आमची हाक डोंग्यासाठी नसते हे नावाड्याला पाठ होतं. आजवर तो एकदाही हलला नव्हता. डोंगा जवळ येईपर्यंत डोमाभाऊ खडकावर खाली बसला होता. मला त्याच्याकडं बघवेना.

"अक्का घाटावर घसरली, पाण्यापावसात," नावाडी म्हणाला. "मांडीचं हाड गेलं. खाटेवर हाय. आता हाक आली तं उठाले पाहत होती. मी म्हटलं, तू पड, मी सांगून येतो."

डोमाभाऊ उठला. वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि डोंग्यात पाय टाकला.

"अन् तुमचा शब्द?" मी विचारलं. जिभेला हाड नाही, दुसरं काय.

"कापलेलं जोडताबी येते जी," तो म्हणाला. "शिंप्याचा धंदाच तो हाय."

डोंगा निघाला. पाण्याला भिऊन त्यानं डोळे गच्च मिटले होते, वहाणा छातीशी धरल्या होत्या. पात्राच्या मध्यावर त्यानं तोंड उघडलं आणि हाक मारली, "भागेऽऽ". तो सुईच्या नाकातला आवाज. पलीकडं कुठला पोचतो, मलाच जेमतेम ऐकू आला.

मग मी हातांचा भोंगा केला आणि त्याचीच हाक, त्याच्याच शब्दात, पोटातून दिली. ही हाक द्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं. मग वरच्या कौलाखालून, हळू, खाटेवरूनच मारल्यासारखं आलं, टण्. आणि थोड्या वेळानं आणखी एकदा, टण्.

डोमाभाऊ डोंग्यात ताडकन उभा राहिला. नावाड्यानं धोतर धरून त्याला खाली बसवलं.