मागून येऊ द्या

मारोतरावांना काही महत्त्वाचं सांगायचं असलं, तर त्यांच्या पाठीमागं जाऊन उभं राहावं लागायचं. समोरून बोललेलं ते ऐकायचे, मान हलवायचे, चहा पाजायचे. पण मनावर घ्यायचे नाहीत. "सर, जरा मागून येऊ द्या," म्हणायचे आणि खुर्ची फिरवून पाठ करून बसायचे. मग मी त्यांच्या पाठीला सांगायचो की उद्या नळाला पाणी येणार नाही. पाठ म्हणायची, "आता बराबर कळलं."

हिंगोलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मारोतराव मूळचे आखाडा बाळापूरकडच्या एका खेड्यातले. लेकाच्या, बालाजीच्या शिक्षणासाठी शेत बटईनं कसायला देऊन ते शहरात आले. बालाजी शिकला आणि पुण्याला गेला. शिक्षणासाठी आलेलं बिऱ्हाड मात्र इथंच राहिलं.

टीव्हीच्या बातम्यासुद्धा ते टीव्हीकडं पाठ करून ऐकत. त्यांच्या बायको, म्हणजे काकू, टीव्हीकडं तोंड करून, शेजारी मारोतरावांचा टोपीवाला आकार टीव्हीकडं पाठ करून आणि पलीकडं बातम्या देणारी बाई. नवीन पाहुण्याला वाटायचं, नवरा-बायकोचं भांडण आहे. बालाजीसाठी मुलगी पाहायला गेले, तिथंही पोहे खाऊन झाल्यावर यांनी खुर्ची फिरवली आणि मुलीला नाव सांगायला लावलं. मुलीला हसू फुटलं. यांनी मागं न वळता जाहीर केलं, "पोरगी बराबर हाय." लग्न ठरलं. काकू त्या खुर्चीबद्दल पुढं कित्येक वर्षं बोलत होत्या.

त्यांचं म्हणणं असं की समोरचा माणूस डोळ्यांनी बोलतो, हातांनी बोलतो, त्यात खरं कुठलं ते सापडत नाही. मागून फक्त आवाज येतो. मी एकदा मागं उभं राहून त्यांना सांगितलं की तब्येत छान आहे. "घसा धरलाय तुमचा, अन् घरात काहीतरी झालंय," पाठ म्हणाली. दोन्ही खरं होतं. तेव्हापासून मी त्यांच्याशी शक्यतो समोरूनच बोलायचो.

हे वेड आलं कुठून, ते मला काकूंनी सांगितलं. गावात मारुतीच्या देवळात दर शनिवारी भजन असायचं. मारोतराव सगळ्यांच्या पुढं बसायचे, देवाकडं तोंड आणि माणसांकडं पाठ. ते एक ओळ म्हणायचे, मागचे ती उचलायचे. अर्धं आयुष्य असं गेलं. मागं कोण आलंय, कोण घरी भांडून आलंय, कोणाला सर्दी झाली, हे त्यांना आवाजावरून कळायचं. मागं वळून पाहायची पद्धतच नव्हती. पुढं त्यांचा भजनातला जोडीदार किसन वारला, बाकीचे लेकांकडं पांगले, मारोतराव हिंगोलीला आले आणि शनिवार मोकळा पडला.

मी त्यांना आमच्या कॉलनीतल्या भजनाला नेलं होतं. तिथं सगळे गोल बसतात आणि एकमेकांच्या तोंडाकडं पाहून गातात. मारोतराव एकदाच आले. घरी जाताना एवढंच म्हणाले, "तोंडं चांगली हायेत सगळ्यायची."

गावच्या भजनाची एक कॅसेट त्यांच्याकडं होती. त्यांच्या मेहुण्यानं फार पूर्वी सौदीहून आवाज मोठा करणारा एक चंदेरी, अवजड रिसीव्हर, त्याच्या जोडीचा टेपडेक, दोन माइक आणि लाकडी स्पीकरच्या बॉक्सची जोडी आणली होती. ते सगळं एका शनिवारी देवळात नेऊन भजन भरून घेतलं होतं. टेपडेकचा पुढं उंदरांनी निकाल लावला. कॅसेट झिजून जाईल म्हणून बालाजीनं ती पुण्याला नेली आणि दिवाळीत घरी कंप्युटर आणला, त्याच्या पोटात ते भजन घालून.

कंप्युटरचे चिमुकले स्पीकर टेबलावर होते. मारोतराव खुर्चीत बसले, बालाजीनं भजन लावलं, सगळं स्पष्ट ऐकू आलं. मारोतरावांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग म्हणाले, "माझी माणसं समोर येऊन बसली रे."

बालाजीनं खुर्ची फिरवून दिली. तर आता कॅसेटमधले मारोतराव स्वतःच त्यांच्या मागून गायला लागले. तेही चालेना. मारोतरावांना मारोतराव पुढं पाहिजे होते आणि बाकीचे मागं.

तेव्हा बालाजीनं, बिचाऱ्यानं, सांगायला नको ते सांगितलं. या कंप्युटरला पाठीमागं हिरवं, काळं आणि नारंगी अशी तीन भोकं आहेत. त्यातून पाच-सहा बॉक्सचा आवाज निघतो. सिनेमात घोडा मागून आला तर टापाही मागून येतात. एवढं सांगून तो पुण्याला गेला आणि मी सापडलो.

अडचण साधी होती. कंप्युटरला तीन भोकं आणि रिसीव्हरला दोन, लाल आणि पांढरं. बालाजीनं फोनवर सांगितलं की तो रिसीव्हर जुना झाला, पाच बॉक्सचा नवा सेट मिळतो, तो घ्या. मारोतरावांनी फोन माझ्याकडं दिला आणि मला सांगितलं की त्याला सांगा, भजन या मशीननं ऐकलेलं हाय, तर तेच सांगंल. नवीन मशीन त्या दिवशी देवळात नव्हती. हा मुद्दा मी बालाजीला सांगितला.

हिरव्या भोकातून साधी वायर लावू म्हटलं, तर मारोतरावांनी नाही म्हटलं. हिरवं पुढच्याचं, असं बालाजी बोलून गेला होता. काळ्यातून मागचं येतं, म्हणून आधी काळं लावलं. काहीच आलं नाही. मग मी तिन्ही भोकांच्या वायरी सोलून एकत्र पिळल्या, कारण मी विज्ञान शिकवतो. मारोतरावांच्या मते आता भजनात सगळेच होते, पण खोल विहिरीत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर ते ओट्यावर वाट पाहत होते. मांडीवर औषधाच्या बाटलीएवढा एक डबा होता.

"सर, चूक सापडली," ते म्हणाले. "तुमचा कंप्युटर थ्री फेज हाय. रिसीव्हर दोन फेजचा. आमच्या शेतात एक फेज गेला की मोटार दोन फेजवर कशी चालते? कंडेन्सरवर. मंग इथं काहून चालणार न्हाई?"

खरं सांगतो, त्यात चूक काय हे मला लगेच सांगता आलं नाही. शेतात ते खरोखर चालतं. तोवर मोटार वाइंडिंगवाल्याकडून कंडेन्सर आलाही होता, मांडीवरचा डबा तोच. आम्ही तो जोडला.

आवाज आला. असा आला की शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली. भजन कुठं नव्हतं. दोन्ही बॉक्समधून एकसारखी, जाड घरघर. काकूंनी कानात पदर कोंबला. मारोतराव पाठ करून, डोळे मिटून, मन लावून ऐकत राहिले.

"मोटार बराबर चालू हाय," ते म्हणाले. "पाणी येत न्हाई एवढंच."

मी सगळं बंद केलं. मारोतराव खुर्चीतून उठले. मग माझ्याकडं तोंड करून, समोरून म्हणाले, "जाऊ द्या सर. तुमाला लई तकलीफ दिली." समोरून बोलले, तेव्हा मला समजलं की त्यांनी आशा सोडली. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, एकदा साधी हिरवीच लावून पाहू. मागून नाही तर नाही, मोठ्या बॉक्समधून भजन तरी ऐका. ते नुसती मान हलवून आपल्या खुर्चीत बसले.

मी भजन सुरू केलं, हिरव्या भोकात वायर घातली आणि दुसऱ्या टोकाची लाल पिन रिसीव्हरमध्ये बसवली. पांढरी अजून माझ्या हातातच होती. उजवा बॉक्स वाजायला लागला.

त्यात मारोतराव नव्हते. म्हणजे होते, पण फार लांब, गल्लीपलीकडून आल्यासारखे. जवळ होते ते मागचे. टाळ, आणि चार-सहा रांगड्या गळ्यांनी उचललेली ओळ. मग रिकामी जागा. मग पुन्हा तेच गळे. काकू म्हणाल्या की तेव्हा मेहुण्यानं एक माइक यांच्या तोंडापुढं ठेवला होता आणि दुसरा मागं, मंडळींच्या डोक्यावर, घंटेच्या साखळीला टांगला होता. मागचा आवाज इतकी वर्षं उजव्या बाजूला वेगळाच भरलेला होता. आम्हीच त्याला भोकाभोकांतून शोधत होतो.

मी घाईनं पांढरी पिन लावायला गेलो. आता डावा बॉक्स पुढं, उजवा मागं, म्हणजे सगळं जागच्या जागी येणार होतं. माझा आनंद मावत नव्हता.

"पांढरी लावू नका," मारोतराव म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी समजावून सांगितलं की पांढरीत तुमचाच आवाज आहे.

"व्हय. मी हाय की इथं."

मग मी आणि काकूंनी उजवा बॉक्स उचलून त्यांच्या खुर्चीमागं नेऊन ठेवला. त्यांनी खुर्चीसुद्धा बाजूला सारली आणि खाली मांडी घातली. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर मारुती नव्हता, बियाण्याची जाहिरात होती. त्यांनी तिलाच हात जोडले. मी भजन पुन्हा पहिल्यापासून लावलं. रिकामी जागा आली आणि मारोतरावांनी ओळ म्हटली. आवाज आधी फाटला, मग लागला. ओळ संपली आणि मागच्यांनी ती उचलली. सगळ्यांच्या शेवटी, किंचित उशिरा, एक घोगरा गळा त्यात शिरला.

मारोतरावांनी मागं वळून पाहिलं नाही. मागं बसलेल्या काकूंना ऐकू जाईल असं एवढंच म्हणाले, "किसन अजून बी उशिरा उचलून राहिला."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. पुढच्या ओळीला किसनचा आवाज पूर्ण संपेपर्यंत मारोतराव थांबले आणि मगच पुढची ओळ घेतली. तोवर तिकडं कॅसेटमधले लांबचे मारोतराव पुढं निघून गेले होते. यांनी त्यांची पर्वा केली नाही.

मी त्यांच्या समोर उभा होतो, हातात पांढरी पिन घेऊन. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि तो पाहायची पद्धत नाही हे मला माहीत होतं. मला भजन येत नाही. माझा गळाही बरा नाही, ते त्यांनीच ओळखलेलं. मी पिन ठेवली, त्यांना वळसा घालून मागं गेलो आणि बॉक्सला टेकून बसलो. काकू आधीच तिथं बसल्या होत्या.

ओळ आली. मी उचलली, किसनच्याही नंतर.

"सर आले का," पाठ म्हणाली, आणि पुढची ओळ सुरू झाली.