विजेच्या पाटीची विहारावरील स्वारी

सावधचित्ते ऐकावे. जे डोळां पाहिले ते लिहिले, जे पाहिले नाही ते पुसोन लिहिले, आणि जे पुसोनही कोणी सांगेना ते चहा पाजोन काढोन घेतले. पदरचा मजकूर यात नाही. असलाच तर चवीपुरता. नाशिकरोड प्रांती, रेल्वेचे रुळांपासोन हाकेचे अंतरावर, मैत्री कॉलनी म्हणोन वसाहत आहे, आणि तिचे मध्यभागी पांढऱ्या चुन्याचे बुद्धविहार आहे, आणि तेथे वर्षावासाचे तीन मासांत छापील ग्रंथ व विजेची पाटी यांजमध्ये जो रणसंग्राम जाहला, त्याची ही हकिकत. मोहीम दिसावयास लहान. परंतु एका माणसाची बावीस वर्षांची गादी तीत पणास लागली होती, म्हणोन लेखणी उचलणे भाग पडले.

तर रिवाज ऐसा की, आषाढी पौर्णिमेपासोन अश्विनी पौर्णिमेपावेतो रोज सायंकाळी सात वाजता तमाम उपासक-उपासिकांनी पांढरी वस्त्रे नेसोन विहारी जमावे, त्रिशरण पंचशील म्हणावे, मग तथागतांचे चरित्राचा जाडजूड ग्रंथ चौरंगावर मांडावा, आणि वाचकाने पानाचा आकडा पुकारोन वाचन आरंभावे, आणि मंडळींनी आपापली प्रत मांडीवर उघडोन ओळीवर बोट ठेवावे, आणि पान सरले व वाचकाने ते उलटले की अवघ्या विहाराने "साधु, साधु, साधु" ऐसा घोष करावा. पानागणिक साधुकार देण्याची चाल याच कॉलनीची. दुसरे विहारी ऐकिवात नाही. रोजची पाने आठ, साधुकार आठ, नंतर चहा. या हिशेबात बावीस वर्षे एका साधुकाराचा फरक पडला नव्हता.

या वाचनगादीवर राजमान्य राजेश्री निवृत्तीदादा विराजमान होते. दादा सरकारी छापखान्यात छपाईचे तपासणीस होते आणि तेथोन सन्मानाने सेवानिवृत्त जाहले होते. कागदावर केसाएवढी रेघ तिरकी गेली की दादांची नजर तेथे जाऊन बसे, आणि मग साहेब येवो की साहेबाचा साहेब, तो कागद पुढे जात नसे. ऐसी नजर! त्या नजरेचा दादांस अभिमान होता, आणि का नसावा? परंतु यंदा आषाढाचे तोंडी दादांची स्वारी गुपचूप रिक्षा करोन नाशिक शहरातील द्वारका चौकात डोळ्यांचे डॉक्टरांकडे गेली, आणि डॉक्टरांनी विजेरी मारोन सांगितले की, काका, पडदा झिजला आहे, चष्मा बदलोन उपयोग नाही, बारीक अक्षर यापुढे दिसावयाचे नाही. दादांनी बरे म्हटले, बाहेर येऊन उसाचा रस प्याले, आणि घरी येऊन कोणास एक अक्षर सांगितले नाही.

सांगणार तरी कैसे? गादीवर डोळा ठेवोन बुद्धभूषण बसले होते. हे विहार कमिटीचे चिटणीस, वय पस्तीस, धंदा शिकवणीचे क्लास, माणूस सज्जन, परंतु वाचन ऐसे की परीक्षा उद्यावर आली आहे आणि अर्धा धडा राहिला आहे. दादा एकदा तापाने निजले असता त्यांनी आठ पाने बारा मिनिटांत वाचिली होती आणि चहा उकळण्यापूर्वीच मंडळी मोकळी जाहली होती. दादांचे मनी आले, माझी नजर गेली ही खबर फुटली तर ग्रंथाचे मातेरे होईल आणि आपण सतरंजीवर मागे बसोन माना डोलवीत राहू. त्यापेक्षा मेलेले बरे.

मग दादांनी काय करावे? बावीस वर्षांचे पाठांतर कामास लावले. चौरंगावर ग्रंथ उघडा, नजर ग्रंथावर, आणि मजकूर निघतो आहे मस्तकातून. पहिली सव्वाशे पाने दादांनी ऐसी धकविली की परमुलखातला जासूदही फसावा. पुढे मात्र पाठांतर विरळ जाहले, आणि एके दिवशी मधली ओळच गायब जाहली आणि दादांनी खोकल्याचा आश्रय केला. दुसरे दिवशीही खोकला. तिसरे दिवशी मंडळींनी अडुळसा आणोन दिला.

ही मेख प्रथम ओळखिली ती दादांची सून स्नेहा हिने. स्नेहा नर्सबाई, तिचे नजरेतून काय सुटते? तिने पाहिले की सासरे सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसतात, बातम्यांवर चवीने बोलतात, आणि वर्तमानपत्र कालचे असते. तिने दार लोटोन विचारिले, "बाबा, खरं सांगा, दिसतं का?" दादा गरजले, "न दिसायला काय झालं?" आणि तिने दोन बोटे दाखविली तेव्हा दादांनी तीन सांगितली. मग आतबाहेर सर्व उलगडा जाहला.

स्नेहाने आपली पाटी पुढे केली. ही पाटी विजेवर चाले, हातभर नव्हे वीतभर, राखाडी रंगाची, वजनास पावशेराहून हलकी, आणि तीत शंभर ग्रंथ राहात असोन पुन्हा जागा शिल्लक. हिलाच शहरी लोक ई-रीडर म्हणतात. दादांचे अंगाचा तिळपापड जाहला. हुकूम सुटला की, आम्ही छापखान्याचे मीठ खाल्ले आहे, ज्या कागदास वास नाही आणि ज्यावर शाईचे बोट उमटत नाही, तो कागद नव्हे, ही बला आमचे उंबऱ्याआत नको. "बाबा, वाचून तर बघा. मग फेका," स्नेहा म्हणाली, आणि तीत तोच ग्रंथ उतरवोन तिने अक्षर मोठे केले. हरभऱ्याएवढे जाहले. आणखी मोठे केले. बोराएवढे जाहले. दादा नको नको म्हणत होते आणि वाचीत होते. तिने भाकऱ्या केल्या, भाजी केली, पाटा-वरवंटा सोडोन सर्व भांडी घासली, तरी दादा वाचीतच होते, आणि गालांवरोन पाणी वाहात होते, ते त्यांनी पुसलेही नाही.

आता पाटी विहारी न्यावी कैसी? उघड न्यावी तर सुलाबाईंचा बाणा आडवा. सुलाबाई म्हणजे पहिल्या रांगेच्या सेनापती, माहेर विंचूरकडील, वय सत्तरीपार, आवाज खणखणीत. विहारात मोबाइल वाजला तर वाजविणाऱ्याची सात पिढ्यांची विचारपूस करीत. म्हणोन दादांनी मसलत केली की, ग्रंथ उघडोन त्याचे पोटी पाटी दडवावी, बाहेरोन छापील, आतोन विजेची. स्नेहा म्हणाली, उघड सांगून टाका. दादांनी ऐकिले नाही, आणि पुढील सर्व अनर्थ त्यातोन ओढवला.

त्या सायंकाळी विहार खच्चून भरले होते. दादा गादीवर बसले, तेज ऐसे की वीस वर्षांनी लहान दिसावे, आणि पाटीवर दिसला तो आकडा त्यांनी ठणठणीत पुकारिला, "पान एक हजार पाचशे चौतीस!"

मंडळी एकमेकांचे तोंडाकडे पाहू लागली, कारण ग्रंथाची पाने अवघी सातशे बारा. तरी दादा बोलले म्हणजे काही असेल, म्हणोन लोकांनी कालचे खुणेवरोन एकशे त्रेपन्न काढिले. वाचन सुरू जाहले. परंतु अक्षर बोराएवढे म्हणजे एका पानात ओळी मावतात किती? सहा! आणि दादांची सवय बावीस वर्षांची, की पानाची शेवटची ओळ आली की आवाज उतरावा, श्वास घ्यावा आणि हात पानाकडे जावा. सहा ओळी जाहल्या, दादा थांबले, पाटीवर बोट टेकले, विहार म्हणाले, "साधु, साधु, साधु." आणखी सहा ओळी, पुन्हा साधु. आणखी सहा, पुन्हा साधु. तथागत गृहत्याग करोन नदीपर्यंत पोहोचेनात, दर दहा पावलांस साधुकार! एक उपासक तर वाक्याचे मध्येच साधु म्हणोन मोकळे जाहले. अर्ध्या तासात पंचेचाळीस साधुकार जाहले, लोकांचे घसे बसले, मागील रांगेत हसू फुटले, चहावाल्या मंडळींनी आठ साधुकार मोजून केव्हाच चहा गाळला होता तो थंड जाहला, आणि पहिल्या रांगेत बोटे भलत्या ओळींवर जाऊन अशी तारांबळ उडाली की कोण कोठे आहे त्याचा पत्ता नाही.

सुलाबाई उठल्या. तडक चौरंगापाशी गेल्या, ग्रंथात पाहिले आणि ओरडल्या, "आगं बया! दादा ग्रंथात मोबाइल बघून ऱ्हायले!"

मग जो गलबला जाहला तो वर्णन करवत नाही. मोबाइल नव्हे, ई-रीडर आहे, ऐसे स्नेहा बोंबलोन सांगत होती, ऐकतो कोण? कमिटी तेथेच बसली आणि बुद्धभूषण यांनी फर्मान काढिले ते ऐसे: पाटी हा ग्रंथ आहे की नाही याचा खल पुढे करू, परंतु वाचकाने छापील ग्रंथ सोडोन पाटी का धरिली याचा खुलासा व्हावा; दादांस छापील वाचता येत असेल तर आत्ताच सर्वांसमक्ष एक पान वाचावे; न येत असेल तर उद्यापासोन वाचनाचा भार कमिटी उचलील. कमिटी म्हणजे कोण, ते सर्वांस ठाऊक होते.

दादांची पाचावर धारण बसली. तरी मान ताठ ठेवोन म्हणाले, "कुठलं पान?"

"एकशे बारा," सुलाबाई म्हणाल्या, आणि ग्रंथ चाळोन त्यांनी दादांचे हाती दिला आणि जवळच उभ्या राहिल्या.

एकशे बारा! दादांचे जिवात जीव आला. ते पान सव्वाशेचे आतले. दादांनी चष्मा सावरिला आणि ऐसे वाचिले, ऐसे वाचिले, की पंखाही मंद फिरावा. अकरा ओळी अस्खलित. बुद्धभूषण यांनीच प्रथम मान डोलविली. परंतु ग्रंथ हातात देताना पान सरकले होते, आणि दादांपुढे उघडे होते ते पानभर चित्र. पिंपळवृक्ष, खाली नदी, आणि अक्षर म्हणोन एकही नाही. हे अवघ्या विहारात एकट्या सुलाबाईंस दिसत होते.

सुलाबाईंनी हळूच पदर पुढे घेऊन ते चित्र झाकिले. आणि कानाशी वाकोन म्हणाल्या, "दादा, ह्ये चित्र हाय. कधीपासून दिसत नाय तुम्हाला?"

हाच मोका होता. सुलाबाई गप्प राहणार होत्या, परीक्षा जिंकिली होती, खोकला काढोन वेळ मारोन नेता आली असती. परंतु चुकीची छपाई पुढे जाऊ देणे हे या माणसाचे हाडातच नव्हते. दादांनी ग्रंथ मिटला आणि उभे राहोन म्हणाले, "मंडळी, मी आत्ता वाचलं नाही. पाठ म्हटलं. मला छापील अक्षर दिसत नाही, आषाढीपासून दिसत नाही. तुम्हाला फसवलं. लाज वाटत होती म्हणून फसवलं. बुद्धभूषण, गादी घे बाबा."

बुद्धभूषण पुढे येईनात. त्यांचेच डोळे भरले होते. तेव्हा सुलाबाईंनी कमरेवर हात ठेवोन विहारास सांगितले, "गादी कोन घेतो बघते मी! मला पन्नास वर्सं अक्षर ठाऊक नव्हतं. ह्या मानसाचा आवाज ऐकत मी ओळीवर बोट सरकवलं, एक वर्स, दोन वर्सं, आन् एक दिवस मला आपोआप वाचता आलं. ह्यो बुद्धभूषण घाईघाईनं वाचनार, मग माज्यासारखीचं बोट कुठं ऱ्हानार?" बुद्धभूषण म्हणाले, "बरोबर आहे, मावशी."

मग तह जाहला, त्याची कलमे येणेप्रमाणे. निवृत्तीदादांनी पाटीवरोन वाचावे, अक्षर पाहिजे तेवढे मोठे करावे. छापील ग्रंथ चौरंगावरच राहावा, तो मान पाटीस नाही. ग्रंथापाशी सुलाबाईंनी बसावे, आकडा त्यांनी पुकारावा आणि पान त्यांनी उलटावे, आणि त्यांनी उलटले तरच विहाराने साधुकार द्यावा. दादा कितीही वेळा थांबोत, मंडळींनी तोंड उघडू नये. बुद्धभूषण यांनी रोज एक परिच्छेद वाचावा, तोही सावकाश. दुसरे दिवशी सात वाजता वाचन जाहले, पाने आठ, साधुकार आठ, चहा गरम.

अश्विनी पौर्णिमेस ग्रंथ सिद्धीस गेला, खीरदान जाहले, आणि कमिटीचे वहीत बुद्धभूषण यांनी स्वहस्ते फत्ते नोंदविली, की यंदाचा वर्षावास निर्विघ्न पार पडला, वाचक निवृत्तीदादा, पुढील वर्षीही वाचक तेच. दादांनी वही जवळ घेतली, लांब धरली, आणि सुलाबाईंकडे दिली. सुलाबाईंनी उभ्या जन्मात चारचौघांत मोठ्याने वाचिले नव्हते. त्यांनी अक्षराखाली बोट धरिले आणि अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत, अवघी नोंद विहारास वाचोन दाखविली. दादा म्हणाले, "परत वाचा," आणि त्यांनी ती परत वाचिली.