दोन हजार वर्षांचं खापर

धारूरच्या बागेत नळाला पाणी नव्हतं, म्हणून परमेश्वरनं खणताना निघालेली खापरं धुवायला घरी नेली. एवढंच केलं त्यानं.

बागेत घसरगुंडीमागे जुन्या वस्तीचं खोदकाम चाललं होतं आणि पुरातत्त्व खात्याच्या मंजुषा मॅडमनी गावातल्या हौशी लोकांना मदतीला घेतलं होतं. परमेश्वरची शाळा आठवीतच सुटलेली. मॅडम त्याला 'आपल्या टीमचे परमेश्वर' म्हणाल्या, तेव्हापासून तो जेवतानासुद्धा ताठ बसायचा. (बायको सुनिता विचारायची, "पाठ दुखतीय का?") मॅडमचा नियम एकच: वस्तूला इजा झाली, की माणूस टीमबाहेर.

खापरं धुऊन, सुपात वाळत घालून तो दळण आणायला गेला. परतला तर सगळ्यांत मोठं खापर गायब आणि घरभर ओव्याचा धूर! त्याची आई सुभद्राबाई बाळंतीण सुनिताच्या खोलीत नातवाला धुरी देत होती. निखारे त्याच खापरात लालभडक फुललेले.

"आये! दोन हजार वर्षांचं हाय ते!"

"मग लई पक्कं भाजलेलं असंल."

"पर घेतलंस कावून?"

"आजकाल असलं खापर मिळतंय कुठं?"

त्यानं पाण्याचा तांब्या उचलला.

"अवो, तडकंल ना!" सुनिता ओरडली.

मग खापर निवेपर्यंत तो त्याच्यापुढं बसून राहिला, आजाऱ्यापाशी बसावं तसा.

संध्याकाळी तो बागेत मॅडमपुढं जाऊन उभा राहिला. त्यानं नुसतं खापर पुढं केलं. मॅडमनी काजळीचा वास घेतला.

"ओवा?"

"शेपा बी हायत." (खरं बोलायचं ठरवून आला होता, पण सुरुवात कुठून करायची ते ठरवलं नव्हतं.) "आईनं पोराला धुरी दिली. मी... टीमबाहेर ना?"

मॅडम हसत सुटल्या. "अहो, हे वरच्या थरातलं. ह्याच्याखाली गुटख्याची पुडी निघाली होती, विसरलात? मी टाकूनच देणार होते. बाकीची नीट आहेत. उद्या वेळेवर या."

परमेश्वर खापर घेऊन जवळजवळ पळतच घरी आला. "आये, ते जुनं न्हाईच! ठिव तुलाच!"

"हळू बोल, मुडद्या! समद्या गल्लीला सांगून बसलेय मी!"

तेवढ्यात शेजारची वनमाला लेकरू घेऊन दारात आली, तिच्यामागं आणखी दोघी. आपल्याही लेकरांना त्या जुन्या खापराची धुरी हवी म्हणे. सुभद्राबाईनं निखारे भरले आणि फुंकायला परमेश्वरला बसवलं. त्यानं गाल फुगवले.

"दमानं फुक की रं," आई सगळ्यांदेखत कडाडली, "दोन हजार वर्षांचं हाय ते!"