एफ-सिक्स आणि सुभेदारांची मिशी

बिरदेवचा कॉम्प्युटर गेला तो भर सकाळी, घरादाराच्या समक्ष, आणि गेला तो अंगावर भंडारा घेऊन.

त्याच्या फ्लेक्सच्या दुकानाचा एक रिवाज होता. मोठं काम छपाईला लागलं की वडिलांनी, म्हणजे कोंडीबांनी, यंत्रावर भंडाऱ्याची मूठ उधळायची. मेंढरं रानाला निघताना उधळतात, दारात नवा ट्रॅक्टर आला की उधळतात, मग कॉम्प्युटरनंच काय घोडं मारलंय, असं कोंडीबांचं म्हणणं. दुकानाला 'बिरोबा डिजिटल' हे नाव बिरदेवनं स्वतःच दिलेलं, त्यामुळे त्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं. वर्षानुवर्षं ती हळद पंख्याच्या वाटेनं आत जाऊन बसत राहिली. त्या मंगळवारी काम खास, म्हणून कोंडीबांनी हात जरा सैल सोडला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" कॉम्प्युटर शिंकल्यासारखा आवाज झाला, पाठीमागून पिवळा धूर निघाला आणि पडदा काळा पडला.

"पावला बघ द्येव," कोंडीबा हात जोडून म्हणाले.

"आबा, मेला की त्यो!" बिरदेव ओरडला.

दुसरं कुठलं काम असतं तर बिरदेवनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण हा बॅनर मेव्हण्याचा होता. बायकोचा, अपेक्षाचा, थोरला भाऊ जयराज सुभेदार होऊन फौजेतून निवृत्त होत होता आणि गुरुवारी सकाळी माळेवाडीच्या वेशीपासून त्याची मिरवणूक निघायची होती. हलगी, जीप, गुलाल सगळं ठरलेलं. वेशीवरचा बॅनर तेवढा जावयाकडं.

आणि तो जावयाकडं येणं ही साधी गोष्ट नव्हती. दोन वर्षांमागं सासऱ्यांच्या, लालासाहेबांच्या, सत्तरीचा बॅनर बिरदेवनंच केला होता. फोटोतली मागची भिंत पांढरी आणि लालासाहेबांची मिशीही पांढरी. बिरदेवनं कॉम्प्युटरला भिंत पुसायला सांगितली, त्यानं इमानदारीत मिशीही पुसली. चौकात वीस फुटी लालासाहेब तुळतुळीत ओठानं हात जोडून दोन दिवस उभे होते. त्या माणसानं लग्नात फेटा एकदा सोडला असता, पण मिशीला कधी वस्तरा लावू दिला नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी जावयाच्या घरी चहाचा घोट घेतला नव्हता. लेकीला भेटायला येत, ओट्यावर बसत, पाणीसुद्धा घरून आणलेल्या बाटलीतलं पीत. अपेक्षा आत जाऊन डोळे पुसे. यंदा तिनंच बापाच्या मागं लागून हे काम मिळवलं होतं.

"पावणं," काम देताना लालासाहेब एवढंच म्हणाले होते, "मिशी तेवढी समाळा."

बिरदेवनं सांभाळली होती. बॅनरवर मधोमध जयराज आणि त्याची ती दोन्ही टोकं वर वळवलेली काळीभोर मिशी. खाली कोपऱ्यात स्वागताला उभे लालासाहेब. त्यांची पांढरी मिशी बिरदेवनं एकेक केस वेचून कापली होती, कापताना श्वाससुद्धा हळू घेतला होता. ते चित्र पेनड्राइव्हवर शाबूत होतं. फक्त छापायला कॉम्प्युटर नव्हता.

"आटपाडीत छापून आणा की आवं," अपेक्षा म्हणाली.

"तितं तुझ्या मावशीचा पोरगा कामाला हाय. शाई वाळायच्या आत तुझ्या वडलांच्या कानावर जाईल, जावयाला जमलं न्हाई म्हणून."

बिरदेवनं मोटारसायकलला किक मारली आणि सांगली गाठली. तिथं रविराज नावाचा त्याचा जुना दोस्त जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान चालवायचा. त्यानं एक त्यातल्या त्यात धडधाकट खोकं काढलं.

"तुझा प्रिंटर म्हातारा हाय गड्या, त्याला जुनी विंडोज एक्सपीच चालती. ही घे शीडी, घरी जाऊन टाक. लय सोपं हाय."

सोपं आहे असं ज्या कामाबद्दल सांगतात ते काम माणसाला रडवल्याशिवाय राहत नाही. बुधवारी सकाळी बिरदेवनं सीडी घातली. निळा पडदा आला, त्यावरून पांढरी अक्षरं सरकली आणि शेवटी एक्सपीनं हात वर केले: या कॉम्प्युटरात हार्ड डिस्कच नाही. बिरदेवनं खोकं उघडलं. डिस्क होती. हलवून बघितली, पुसून बघितली. परत सीडी. परत डिस्क नाही.

"डोळ्यात भंडारा गेला आसंल तिच्या," कोंडीबांनी शंका काढली.

बिरदेवनं रविराजला फोन लावला. रविराजनं सांगितलं ते असं, की डिस्क जागेवर आहे, पण एक्सपी बिचारी जुन्या काळातली, हिला नव्या घडणीच्या डिस्कशी बोलता येत नाही. तिला ओळख करून देणारा ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा लागतो. सुरुवातीला पडद्याच्या तळाशी एक ओळ येते, तेवढ्यात एफ-सिक्सचं बटण दाबायचं. ओळ गेली की संधी गेली.

"फ्लॉपी? ह्या जमान्यात?"

"माज्याकडं एकच हाय, ड्राइव्हसकट. कंडक्टरजवळ देतू, दुपारच्या एसटीला बघ."

कोंडीबांनी हे सगळं कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. "म्हंजी पोरगा हाय, पोरगी हाय, पर वळख न्हाई. मग मदला माणूस नगो व्हय सोयरीक जुळवायला?"

"त्योच येतुया आबा, एसटीनं."

मधला माणूस पेढ्यांच्या रिकाम्या पुड्यात बसून आला. बिरदेवनं ड्राइव्ह जोडला आणि एफ-सिक्सवर बोट ठेवून वाघासारखा दबा धरून बसला. खाली ओळ आली आणि नेमका फोन वाजला. फोनवर नाव: मामा, म्हणजे लालासाहेब.

"पावणं, बॅनर झाला का?"

"व्हय व्हय मामा, लागलाच हाय."

ओळ गेली. परत पहिल्यापासून. दुसऱ्या वेळेला आई भामाबाई आतून येऊन म्हणाल्या, "बिरू, कालवणात वांगं घालू का दोडका?" बिरदेवनं "वांगं" म्हणायला मान वळवली आणि ओळ गेली. तिसऱ्या वेळेला त्यानं घरात जमावबंदी पुकारली, कुणी बोलायचं नाही, फोन बंद. त्या भयाण शांततेत ओळ आली, बिरदेवनं सारं बळ एकवटून बटण दाबलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की ते एफ-फाइव्ह होतं.

"तू ऊठ," भामाबाई म्हणाल्या. "तोंडावर पाणी मार जा."

बिरदेव मोरीकडं गेला. भामाबाईंनी खुर्ची घेतली, अपेक्षाकडून बटण दाखवून घेतलं आणि भाकरी थापावी तशी ओळ येताच त्यावर थाप मारली. एफ-सिक्स लागलं! अपेक्षानं आनंदानं हाक मारली. बिरदेव ओल्या तोंडानं धावत आला. पडद्यावर लिहून आलं होतं: फ्लॉपी घाला. त्यानं फ्लॉपी आत ढकलली. ड्राइव्हनं जात्यात खडा आल्यासारखा करकर आवाज केला आणि एक्सपीनं कळवलं की फ्लॉपी वाचता येत नाही.

बिरदेवनं ड्राइव्ह उचलून उलटा केला. त्यातून हळद गळाली.

सगळ्यांनी कोंडीबांकडं बघितलं. कोंडीबा जागचे हलले नाहीत.

"सोयरीक जुळवायला आल्याला पावणा," ते ठामपणे म्हणाले. "भंडारा लावल्याबिगर घरात घ्यायचा व्हय? आपल्यात रीत न्हाई ती."

बिरदेव खाली जमिनीवरच बसला. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं घशातून भलताच आवाज निघाला. अपेक्षानं पदर तोंडाला लावला, आणि तेच बिरदेवला सगळ्यात जास्त लागलं.

एवढ्यात मागच्या वाड्यात मेंढरं बुजली. दार लोटून घोंगडं पांघरलेला एक धिप्पाड माणूस आत आला. घोंगडं बाजूला झालं तशी आधी मिशी दिसली आणि मागोमाग जयराज.

"दादा!" अपेक्षा किंचाळली.

"अगं हळू! गाडी एक दिस आदी मिळाली. पण उद्या गाजावाजा ठेवलाय म्हटल्यावर आज गावात तोंड कसं दाखवू? म्हटलं रातभर दाजींकडं लपावं." त्यानं पिवळ्याजर्द ड्राइव्हकडं आणि जमिनीवर बसलेल्या दाजींकडं पाहिलं. "क्या हुआ? कुणी मेलं का काय?"

बिरदेवनं सगळं सांगितलं. जयराजनं ऐकून घेतलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कसलंसं बटण दाबत बायोस नावाच्या मूळ सेटिंगमध्ये शिरला, डिस्क चालवण्याची एक तऱ्हा बदलून जुन्या पद्धतीची केली आणि बाहेर आला.

"आता घाला शीडी."

एक्सपीला डिस्क दिसली. फ्लॉपी नको, एफ-सिक्स नको, मधला माणूस नको.

"एवढंच?" बिरदेवचा आवाज चिरकला.

"फौजेत सिग्नलला होतो. आमच्या हापिसातले डबे ह्याच्यापेक्षा पुराने हाईत."

बिरदेवनं मेव्हण्याला मिठी मारली. भामाबाईंनी वांग्याच्या जोडीला दोडकाही चढवला. ऊन कलायच्या आत एक्सपी बसली, प्रिंटर हलला आणि चाचणीचा कागद बाहेर आला. त्यावर निळा होता, पिवळा होता, काळा होता. गुलाबी मात्र गायब. शाईची तोटी वाळून बसली होती.

"साफ करू या," सुभेदार म्हणाले. त्यांना आता चेव आला होता. स्वतःच्याच स्वागताच्या बॅनरसाठी ते बाह्या सरसावून प्रिंटरखाली वाकले आणि पिचकारीनं औषध आत दाबलं. आधी काही झालं नाही. त्यांनी आणखी दाबलं आणि जवळ जाऊन बघितलं.

गुलाबी मोकळा झाला. सगळाच्या सगळा मिशीवर आला.

फ्लेक्सची शाई ऊन-पावसाला दाद देत नाही, तर ती साबणाला काय देणार? साबण झाला, रॉकेल झालं, भामाबाईंनी चिंचही चोळली. मिशी आणखी उजळ झाली. अपेक्षानं हसू दाबायला तोंडात पदर कोंबला होता.

"सलूनवाल्याला बोलवू?" बिरदेवनं भीत भीत विचारलं.

"म्हंजी गावभर हाळी! न्हाई." जयराजनं आरशात बघून सुस्कारा सोडला. "रंगलेली टोकं तेवढी कापा."

कोंडीबा कातर घेऊनच उभे होते. मेंढरांची लोकर कातरायची, हातभर लांब.

"हलू नका सुभेदार. मेंढरू बी एवढं हलत न्हाई."

डावं टोक कापलं. मग उजवं कापलं, ते जरा जास्त गेलं. म्हणून डावं बरोबर केलं. मग उजवं बरोबर केलं. कोंडीबा दोन पावलं मागं जाऊन निरखत आणि पुन्हा पुढं येत. बरोबर करता करता दोन्हीकडं सारखं झालं, पण सारखं झालं तेव्हा मिशी उरली नव्हती. शेवटची खुंटं जयराजनं स्वतःच वस्तऱ्यानं काढली.

"आता बॅनरवरची बी पुसा आवं," अपेक्षानं सुचवलं. "म्हंजी माणूस आन् फोटू जुळंल."

बिरदेव ताडकन उठला. "मी? ह्या घराण्याची मिशी? परत पुसू? जीव गेला तरी न्हाई!"

"छापा," सुभेदारांनी हुकूम सोडला. "हाय तशी छापा."

आणि बॅनर छापला गेला, केसन् केस.

गुरुवारी माळेवाडीच्या वेशीवर हलगी कडाडत होती. वर वाऱ्यावर बॅनर फुगला होता. लालासाहेब सकाळपासून त्याच्याखालीच उभे होते. आधी त्यांनी लेकाची मिशी बघितली. मग कोपऱ्यातली स्वतःची, चष्मा काढून, चष्मा घालून. मग हात लांब करून बोटानं ती चाचपली, डावीकडून उजवीकडं. बिरदेव खांबाआड उभा राहून ते बघत होता.

"पावणं," लालासाहेब म्हणाले, "एक केस ढळू दिला न्हाईसा."

दोन वर्षांत ऐकलेलं हे पहिलं गोड वाक्य. बिरदेवला भरून आलं. पण ते पुरतं भरायच्या आत जीप आली, गुलाल उडाला आणि हार घातलेला जयराज खाली उतरला.

हलगीवाल्याचा हात अधांतरी थांबला. गावानं वर बघितलं. गावानं खाली बघितलं. लालासाहेबांनी बॅनरकडं पाहिलं, लेकाच्या तुळतुळीत ओठाकडं पाहिलं, लेकाच्या बाजूला बावरून उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं आणि मग सावकाश जावयाकडं वळले.

"आवं जावईबापू," ते म्हणाले, "कागदावरची पुसली ती पुसली. आता माणसाची बी पुसाय लागला व्हय?"

आधी जयराज हसत सुटला. मग अपेक्षा, मग हलगीवाला, मग सगळा गाव. लालासाहेब बराच वेळ दम धरून होते, पण त्यांची मिशीच आधी थरथरली आणि मग ते एवढे हसले की दोघांनी धरून त्यांना पारावर बसवलं.

संध्याकाळी ते बिरदेवच्या घरी चहाला आले. पाण्याची बाटली आणली नव्हती. आत येऊन चांगले गादीवर बसले, दोन कप चहा घेतला, अपेक्षाच्या हातचा शिरा मागून घेतला. फक्त, कोंडीबांची कातर समोरच्या खुंटीला टांगलेली होती, म्हणून कप एका हातात धरला आणि दुसरा हात उठेपर्यंत मिशीवरून काढला नाही.