मोघे काकांचा क्रॅनबेरी रस

आमच्या वरच्या मजल्यावरचे मोघे काका जिन्यावरून फळं सोडतात. चुकून सांडतात असं नव्हे. स्टूल टाकून, चष्मा लावून, एकेक करून सोडतात. पहिल्यांदा एक लालचुटुक फळ टुणटुण उड्या मारत माझ्या दाराशी आलं तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी माळ तुटली. उचलायला वाकले तर वरून आवाज आला, "हात लावू नका, मेधाताई! टेस्टिंग चालू आहे."

"कसलं टेस्टिंग?"

"क्रॅनबेरीचं. चांगली असेल तर उडते, सडकी असेल तर जागच्या जागी बसते. आपल्या उंबरठ्यापर्यंत पोचली की पास."

म्हणजे माझा उंबरठा ही पास होण्याची खूण, आणि ते मला कळणार फळ पायाखाली आल्यावर. बरं, भांडायची सोय नाही. लगेच म्हणतात, "आपला उंबरठा सरळ आहे म्हणून निवडला. जोशांचा वाकडा आहे."

काका एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. उभा जन्म बेअरिंगं तपासण्यात गेला. ते निवृत्त झाले, पण 'रिजेक्ट' हा शब्द काही निवृत्त झाला नाही. भाजीवाल्याची भेंडी रिजेक्ट, सोसायटीनं लावलेला नवा रंग रिजेक्ट. माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांशी ओळख करून दिली, तर नमस्कार करून म्हणाले, "मांडव डावीकडे कललाय. बाकी पास." मांडव कललेला होता हे खरं, पण ते त्या दिवशी सांगायचं असतं का?

आणि हे काका म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीपुढे शिकाऊ उमेदवार. आक्का ऐंशीच्या पुढच्या. आई लवकर गेली म्हणून काकांना त्यांनीच वाढवलं. पुढे दोघांचीही लग्नं राहिली ती राहिलीच. सोसायटीत म्हणतात, काकांना आलेल्या प्रत्येक स्थळात आक्कांनी खोट काढली. काका म्हणतात, "खोट मीच काढायचो. नाव तिचं झालं." गुडघे गेल्यापासून आक्का बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात आणि अख्ख्या कर्वेनगराला नावं ठेवतात. माझ्या मुलीच्या लग्नात जिलबीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या होत्या, "जिलबी मुरलीय. नवरा मुलगा मुरायचाय अजून." आमचे जावई आजही जिन्यात त्यांचा आवाज आला की थबकतात.

तर हे रसाचं खूळ आलं ते आक्कांच्या आजारपणातून. गेल्या वर्षी त्यांना लघवीचा संसर्ग झाला. ताप चढला, असंबद्ध बोलायला लागल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "पाणी भरपूर प्यायला हवं. आवडला तर क्रॅनबेरीचा रस द्या, पण काहीतरी पोटात जाऊ दे. या वयात पुन्हा असं झालं तर अवघड आहे."

खराडीला नोकरी करणारी काकांची चुलत पुतणी लगेच रसाचा खोका घेऊन आली. काकांनी खोक्यामागची बारीक अक्षरं वाचली. "आधी पाणी, मग साखर, मग क्रॅनबेरी. फळ आत कमी आणि वरच्या चित्रात जास्त आहे. रिजेक्ट! घरी करू."

घरी करायचा तर क्रॅनबेरी हवी. काका मंडईत गेले. एका फळवाल्यानं अर्धवट पिकलेली करवंदं पुढे केली. "घ्या काका, हीच क्रॅनबेरी. इंडियन."

"असं? मग मी इंग्लंडचा राजा. इंडियन."

शेवटी पुतणीच कुठून कुठून मिळवून आणायला लागली. ताजी मिळाली तर जिन्यावरून परीक्षा व्हायची. गोठवलेली उडत नाहीत, ती नाइलाजानं पास. मग फळं पाण्यात टाकून उकळायची, सालं तडतडून फुटली की डावानं चेचायची आणि श्रीखंडाला चक्का टांगतात तसं फडक्यात बांधून नळाला टांगायची. पिळायचं नाही. पिळलं तर रस गढूळ होतो म्हणे. मी एकदा सहज हात लावायला गेले तर असे ओरडले, जणू मी देवाला शिवले.

रोज सकाळी अकराला आक्कांच्या हातात पेला जायचा आणि निकाल खाली माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

"अरे, रस आहे की सार? मीठ केवढं!"

दुसऱ्या दिवशी, "वेलदोडा कुणी सांगितला होता? बासुंदी आहे का ही?"

तिसऱ्या दिवशी, "साखर जाळलीस. मी तुला भात लावायला शिकवला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं."

महिनोन्महिने हेच. एकदा मलाही पेला मिळाला. घोट घेतला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. हिंग होता त्यात! मी मनात म्हटलं, या माणसानं पास केलेल्या बेअरिंगांवर गाड्या धावल्या कशा?

एक दिवस त्यांचा डबा परत करायला वर गेले. आक्का बाल्कनीत. काका ओट्याशी उभे राहून पेल्यातून चव घेत होते. मला बघून दचकले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, दुसरा पेला भरून माझ्यापुढे ठेवला. मी देवाचं नाव घेऊन तोंडाला लावला. काय सांगू! आंबट, किंचित तुरट, मागून हलकीशी गोडी, संत्र्याच्या सालीचा वास. मी म्हटलं, "काका, जमलं की हो!"

"हळू बोला. पहिल्या आठवड्यातच जमलंय."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी आक्कांच्या पेल्यात चमचाभर जिरेपूड घातली आणि ढवळली.

"अहो, हे काय करताय?"

काकांनी दार लोटलं. "ती पाणी पीत नाही, मेधाताई. प्यायलं की उठावं लागतं. उठायचं तर मी हात धरून न्यायचं. भावानं बाथरूमपर्यंत न्यायचं याची तिला लाज वाटते. म्हणून तोंडच कोरडं ठेवते. मागचं आजारपण त्यातूनच आलं."

"एखादी बाई ठेवायची."

"ठेवली होती. आक्कानं हाकलली. चपात्या जाड करते म्हणाली. चपात्या करायला ठेवलीच नव्हती हो तिला!" चमचा धुऊन त्यांनी जागेवर ठेवला. "चांगला रस दिला तर एक घोट घेते, 'बरा आहे' म्हणते आणि ठेवून देते. पण बिघडला असला, की नेमकं काय बिघडलंय ते शोधायला अख्खा पेला लागतो तिला. आणि वर पाणी, तोंडाची चव जायला. वेलदोडा घातला त्या दिवशी तर दोन पेले प्यायली."

मला हसू आलं आणि हसता येईना. उभा जन्म चुका पकडलेला हा माणूस रोज सकाळी उठून नवी चूक शोधत होता. बाहेरून हाक आली, "मेल्या, आणतोयस का? की फळं पिकायची वाट बघतोयस?" काका पेला घेऊन पळाले. मी खाली आले आणि त्या दिवसापासून माझ्या घरातले मसाले वर जाऊ लागले. ओव्याची कल्पना माझी. आक्कांनी त्यावर पंधरा मिनिटं घेतली.

परवाच्या थंडीतली गोष्ट. सकाळी मी भाजी निवडत होते आणि दार धडाधडा वाजलं. काका अनवाणी उभे.

"मेधाताई, गाडी काढा. आक्का 'छान' म्हणाली."

"काय?"

"मेथीची पूड घातली होती. कडू जहर. दोन घोट घेतले आणि म्हणाली, छान झालाय रे."

मी भाजी तशीच टाकली. किल्ली घेतली. वर गेले, आक्कांच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. गाडीत त्या काकांच्या खांद्यावर मान टाकून गप्प बसल्या होत्या. रस्ता खणलेला, उलट्या बाजूनं येणाऱ्या स्कूटरी, सिग्नलला हॉर्न वाजवणारे. एवढं सगळं समोर असून आक्कांच्या तोंडून एक शब्द नाही. आरशात बघितलं तर काका पुटपुटत होते, "आक्का, खड्डे बघ ना ग किती. आक्का, बघ तरी."

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. तरी पुढचे दिवस वाईटच गेले. आक्का काकांना ओळखत नव्हत्या. 'मास्तर' म्हणून हाक मारायच्या, अगदी नम्रपणे. नर्सनं दिलेलं सगळं मुकाट्यानं गिळायच्या. काका रोज थर्मास घेऊन यायचे. आता खोड्या बंद होत्या. रस एकदम निर्मळ, जसा मला पाजला होता तसा. चमच्यानं भरवायचे, ओठ पुसायचे आणि तोंडाकडे बघत बसायचे. "बोल ना काहीतरी," म्हणायचे. "बरा आहे, मास्तर," एवढंच उत्तर यायचं. मी त्यांना जेवायला बाहेर चला म्हटलं तर ऐकेनात.

एका दुपारी मी तिथेच होते. काकांनी चमचा पुढे केला. आक्कांनी तो हातानं बाजूला केला, पेलाच मागितला आणि हळूहळू सगळा प्यायल्या. मग डोळे उघडून काकांकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पाणचट केलायस. आणि दाढी का नाही केलीस? चार लोकांत असा बसतोस?"

काका उठून खिडकीशी गेले आणि भिंतीला कपाळ टेकून लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले.

शेजारच्या कॉटपाशी बसलेल्या बाईंना राहवलं नाही. त्या उठून आल्या, काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अहो भाऊ, वयस्कर माणसं बोलायचीच. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."