काटकोनाची गिरकी

"तुम्ही बसा इथेच, माझ्याशेजारी. तुमचं अंग काही वळायचं नाही." पंचवीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या लग्नात सगळे नाचत असताना नवरीने हळूच म्हटलेलं हे वाक्य मिस्त्रींच्या कानात अजून रुणझुणत होतं. सुतारकामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. जोड कसा, तर अगदी नव्वद अंशांत. म्हणून लोक त्यांना 'काटकोन'च म्हणत.

आज दुपारी तीच नवरी आपलं शिवणाचं दुकान बंद करून घरी आली, तर काटकोन घरामागच्या कारखान्यातल्या भुशात बसलेले. उजवा गुडघा वाकलेला, त्याची वाटी जागा सोडून बाहेरच्या अंगाला गेलेली आणि हातात लाकडी हातोडा.

"हे काय?"

"काही नाही, सांधा सरकलाय. एक हलकी टिचकी दिली की बसेल."

"हातोडा खाली ठेवा."

"अगं, सगळं आयुष्य सांध्यांत गेलं माझं."

"लाकडाच्या." तिने पाय होता तसाच राहू दिला, खाली उशी सरकवली, फडक्यात बर्फ गुंडाळून लावला आणि फोन करून भावाला गाडी घेऊन बोलावलं. तो आला तेव्हा ती विचारत होती, "पण झालं कसं?"

काटकोन अडखळले. "शाळेसाठी केलेलं स्टूल डगमगलं."

झालं. मेव्हण्याला पंचवीस वर्षं त्यांच्या कामात खोट सापडली नव्हती. आज सापडली, ती पोटात राहते कुठली? दवाखाना येईपर्यंत त्याने तीन ठिकाणी गाडी हळू करून खिडकीतून बातमी दिली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी पावलाची नाडी पाहिली, बोटं हलवायला लावली. मग गप्पा मारता मारता पाय अलगद सरळ केला. वाटी आपली आपण घरी आली.

काटकोन थक्क. "ना ठोकलं, ना पाचर मारली."

"म्हणून घरी करायचं नसतं. आता एक्स-रे काढू, हाडाचा टवका उडालाय का बघू. मग पट्टा आणि मांडीचे व्यायाम. पण पडलात म्हणता, आणि खरचटलं तर कुठेच नाही. पाय रोवलेला आणि अंग वळलं की वाटी अशी सरकते. गिरकी वगैरे घेतली होती?"

"छे. मी आणि गिरकी?"

इतक्यात बायकोचा फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "चाळीस स्टुलांचं काम थांबवायला सांगा त्यांना. करणाऱ्यालाच पाडणाऱ्या स्टुलावर मी पहिलीची मुलं बसवायची नाही."

 काटकोनांनी गुडघ्याचं दुखणं सोसलं होतं, हे सोसेना. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. बाई, माझ्या स्टुलावर अख्खी शाळा उभी करा, हलायचं नाही. स्टूल बिचारं कोपऱ्यात होतं. मी..." त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि नजर गुडघ्यावर नेली. "मी नाचत होतो. रविवारी लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. महिनाभर लपून शिकतोय. सगळं जमलं, गिरकीनं घात केला."

पलीकडून "चाळीसच राहू देत," म्हणून फोन बंद. डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'स्टूल' खोडून 'गिरकी' लिहिलं.

बायको मात्र पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती.

"हस की," काटकोन म्हणाले.

"हसू कशाला? लग्नाच्या दिवशी नाचता मलाच येत नव्हतं. एकटी बसले असते तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून तुम्हाला बसवलं."