ओहायोच्या नीना वॉकरचा सत्कार

लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी मराठी शाळा भरते. मुलं आत शिकत असतात तेव्हा आईबाप मागच्या किचनमध्ये चहा पीत उभे असतात, आणि त्या दिवसांत तिथे एकच विषय चालू होता: अमेरिकेच्या पुढच्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी कोण कोण उभं राहणार. तिथल्या एकालाही अमेरिकेत मत नव्हतं. इंग्लंडमध्ये होतं, पण गावच्या कौन्सिलची मागची निवडणूक होऊन गेली हे त्यांच्यातल्या निम्म्यांना नंतर कळलं.

या चर्चेचा म्होरक्या होता अजय. तो लंडनच्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा, पण त्याचा सगळा जीव अमेरिकेच्या राजकारणात. कुठला गव्हर्नर गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय, कुठला सिनेटर काही कारण नसताना आयोवात जाऊन मक्याची कणसं खातोय, सगळं त्याला तोंडपाठ. बाकीचे त्याला प्रश्न विचारायचे आणि तो उत्तरं द्यायचा. ‘माहीत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. पुण्यात असतानाही तो अनोळखी माणसाला स्वतःला ठाऊक नसलेला पत्ता पूर्ण खात्रीनं सांगत असे.

आत माधव आजोबांचा वर्ग चालू होता. आजोबा नागपूरचे निवृत्त शिक्षक, मुलीकडे राहायला आले आणि शाळेत शिकवू लागले. किचनमधली चर्चा मुलांनाही ऐकू जायची, त्यामुळे त्या शनिवारी मुलांनी त्यांनाच विचारलं की अमेरिकेत पुढे कोण येणार. आजोबांना धड्याला विषय हवाच होता. ते म्हणाले, आपण प्रत्येकानं आपापला उमेदवार तयार करायचा. त्याचं नाव काय, तो कुठला, तो काय चांगलं करतो, ते उभं राहून सांगायचं. मनातला असला तरी चालेल, फक्त बोलायचं मराठीत.

अजयची दहा वर्षांची तनिषा सगळ्यात आधी उठली.

“माझी कँडिडेट नीना वॉकर आहे. ती ओहायोचा मेयर आहे. तिची आई साताऱ्याचा आहे. नीना थालीपीठ करते आणि सगळ्यांना देते. जे लोक तिला व्होट नाही देत, त्यांना पण.”

“साताऱ्याची आहे,” आजोबा हळूच म्हणाले. “आणि थालीपीठाबरोबर काय देते?”

नेमक्या याच वेळी परीक्षित दारात उभा होता. शार्दूलचं, म्हणजे त्याच्या मुलाचं, जॅकेट गाडीत राहिलं होतं ते द्यायला तो आला होता. त्याला नाव ऐकू आलं, ओहायो ऐकू आलं, सातारा ऐकू आलं. आजोबा वर्गात चालू घडामोडी घेतात याचं त्याला कौतुक वाटलं. जॅकेट खुंटीला अडकवून तो किचनमध्ये परतला.

“अजय, ही नीना वॉकर कोण रे? ओहायोची मेयर. आई साताऱ्याची आहे म्हणे.”

सगळ्यांनी अजयकडे पाहिलं. अजयनं चहाचा घोट घेतला. तो नेहमीच्या घोटापेक्षा बराच मोठा होता.

“नीना वॉकर,” तो म्हणाला. “तिच्यावर मी येणारच होतो.”

मग तो तिच्यावर आला. ती सगळ्या ओहायोची नव्हे, तिथल्या एका शहराची मेयर आहे, हे त्यानं आधी दुरुस्त केलं. शहरांबाहेरच्या वस्त्यांमधल्या बायका तिच्या बाजूनं आहेत, शेतकऱ्यांत ती कमी पडते, पण आत्ता तिचं नाव फार घ्यायचं नाही, कारण असे उमेदवार मागून येऊन पुढे जातात. परीक्षितनं फोनवर शोधलं तेव्हा एक नीना वॉकर दातांची डॉक्टर निघाली, एक घरं विकणारी आणि एक बेवारशी मांजरं सांभाळणारी. अजय म्हणाला, राजकारणात येण्याआधी माणसं काहीतरी करतच असतात.

आता देवयानीताई पुढे सरकल्या. देवयानीताई कऱ्हाडच्या. सातारा जिल्ह्यातला माणूस भेटला आणि देवयानीताईंना त्याच्याशी नातं सापडलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून थोडा विचार केला. त्यांच्या मावसजावेची नणंद बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेला गेली होती. तिनं गोऱ्या माणसाशी लग्न केलं होतं. त्याचं आडनाव घरात कुणी नीट लक्षात ठेवलं नव्हतं, कारण तेव्हा सगळे रागावलेले होते.

“वॉकरच असणार,” देवयानीताई म्हणाल्या. “म्हणजे आपली नीनाच की ही.”

मुलं बिस्किटं खायला बाहेर आली तोवर नीना वॉकर देवयानीताईंची भाची झाली होती.

संध्याकाळी ही बातमी वॉटफर्डच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेली. दुसऱ्या दिवशी एजवेअरच्या मराठी लोकांत पोचली. आणि मग स्लाऊच्या मंडळाकडून निरोप आला की त्यांच्या एका सभासदाचा भाऊ नीनाच्या आईबरोबर साताऱ्यात शाळेत होता, सबब स्लाऊकर लवकरच तिचा सत्कार करण्याच्या विचारात आहेत.

हे सहन होण्यासारखं नव्हतं. ढोल वॉटफर्डनं शोधायचे आणि गणपतीत वाजवायचे स्लाऊनं, असं मागे एकदा होऊन गेलं होतं. समितीची ऑनलाइन बैठक बसली. ठरलं, की येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर सत्कार आपणच करायचा. नीना एवढ्या गडबडीत येऊ शकणार नाही, तेव्हा शाल आणि श्रीफळ तिच्या इंग्लंडमधल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाला, म्हणजे देवयानीताईंना द्यायचं. मुख्य वक्ता अजय. कुणीतरी विचारलं की नीनाला हे आधी कळवायला हवं का. त्यावर सगळ्यांचं मत पडलं की नंतर फोटो पाठवू, तिला तेवढाच आनंद.

अजय त्या आठवड्यात कमालीच्या उत्साहात होता. ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये तो भाषणाचे मुद्दे पुटपुटायचा. नीनाबद्दल कुठेच काही छापून आलेलं नाही, हे त्याला पहिल्या दिवशी खटकलं होतं, पण नंतर लोक तिच्याबद्दल जे सांगू लागले ते बरंचसं त्यानंच सांगितलेलं असल्यामुळे त्याला पटत गेलं. चौथ्या माणसानं जेव्हा त्यालाच सांगितलं की ती शेतकऱ्यांत कमी पडते, तेव्हा त्याच्या मनातली उरलीसुरली शंका गेली.

शुक्रवारी जेवताना त्यानं बायकोला, सुचेताला, भाषण म्हणून दाखवलं. तनिषा वरणभात खात लक्ष देऊन ऐकत होती.

“बाबा, तू तिचा कुत्राचं नाव नाही सांगितला.”

“कुत्रा? कुठला कुत्रा?”

“मोदक. ब्राउन आहे.”

“हे कुठे आलंय?” अजयनं ताबडतोब फोन उचलला. “कुठे वाचलंस तू?”

“वाचला नाही. मी केला. नीना पण मीच केली ना, आजोबांच्या क्लासमध्ये.”

सुचेतानं आमटीचा डाव खाली ठेवला. ती नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा भिंतीकडे. मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. ती उठून सिंकपाशी गेली, पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि त्याचा चेहरा बघून पुन्हा उठली.

“अगं, मला आधी का नाही सांगितलंस?” अजयनं मुलीला विचारलं.

“तू म्हणालास तुला माहिती आहे.”

अजयनं कोट चढवला आणि तो माधव आजोबांकडे गेला. आजोबा दोन गल्ल्या सोडून राहत. ते टेबलापाशी मटार सोलत बसले होते. अजयनं त्यांना सगळं सांगितलं आणि मग आपली योजना मांडली: उद्या त्याचा घसा बसेल, भाषण रद्द होईल, सत्कार आटोपेल, आणि निवडणूक येईपर्यंत लोक नीनाला विसरून जातील. आजोबांनी फक्त तनिषाला गप्प राहायला सांगायचं.

आजोबांनी त्याच्यापुढे थोड्या शेंगा सरकवल्या. अजय सोलू लागला.

“वर्गात मुलं म्हणतात, आजोबा, हे मला येत नाही,” आजोबा म्हणाले. “मी म्हणतो, छान, मग आता शिकू. त्यानं कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही.”

“काका, मुलांचं वेगळं. मला तिथे मान आहे. मी उद्या असं म्हटलं तर परत कोण विचारणार मला?”

“नाही विचारणार कदाचित. पण नीना कुणी रचली, हे आज ना उद्या बाहेर येईल. तेव्हा तुला कुणी काही म्हणणार नाही, पोरीला खोटारडी म्हणतील. तिनं तर दिलेला अभ्यास केला.”

अजयनं उरलेल्या शेंगा सगळ्या सोलून टाकल्या.

शनिवारी हॉल गच्च भरला. एजवेअरहून माणसं आली होती. मागच्या रांगेत स्लाऊचे दोघं हातात फोन घेऊन बसले होते. नीनाचा फोटो कुणाला मिळाला नव्हता, म्हणून स्टेजवर ओहायोचा नकाशा लावून त्याला हार घातला होता. देवयानीताई पैठणी नेसून, नथ घालून पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. परीक्षित शाल घेऊन तयार उभा होता.

अजय माईकपाशी गेला. भाषणाचा कागद त्यानं खिशातून काढलाच नाही.

“नीना वॉकर नावाची कुणी उमेदवार नाही,” तो म्हणाला. “ती माझ्या मुलीनं वर्गात रचली. तिला तसाच अभ्यास दिला होता आणि तिनं तो चांगला केला. मला तुम्ही विचारलंत तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं, आणि तेवढं म्हणायचं मला जमलं नाही. चूक माझी आहे.”

किचनमधली किटली उकळायला लागलेली मागच्या रांगेपर्यंत ऐकू आली. मागे स्लाऊचे दोघं भराभरा टाइप करू लागले. तनिषा आजोबांच्या शेजारी बसून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती.

देवयानीताई सावकाश उठल्या.

“तनिषाची नीना वेगळी असेल. आमची खरी आहे.”

“मग ती निवडणुकीला उभी राहतेय का, ताई?” परीक्षितनं विचारलं.

“ते मी विचारलेलं नाही. नात्यात असलं विचारत नाहीत.”

यावर दोन्ही बाजूंनी कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं समोसे थंड होतायत, कुणी म्हणालं स्लाऊला आता काय तोंड दाखवायचं. तेव्हा माधव आजोबा उठून माईकपाशी आले. गोंधळलेल्या वर्गाला शांत कसं करायचं ते त्यांना चांगलं माहीत होतं. ते मुलांना म्हणाले, या निमित्तानं एक गोष्ट शिकून घेऊ. अमेरिकेचा अध्यक्ष व्हायचं तर माणूस जन्मानं अमेरिकन लागतो. नंतर जाऊन नागरिक झालेला चालत नाही.

“म्हणजे या हॉलमधून कुणीच उभं राहू शकत नाही,” आजोबांनी समजावलं. “तेव्हा आता सगळ्यांनी शांतपणे खाऊन घ्यावं.”

लोक खुर्च्यांवरून उठायला लागले. परीक्षित मात्र शाल हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली होती.

“काका,” तो म्हणाला, “आमचा शार्दूल न्यू जर्सीचा आहे.”

“म्हणजे?”

“मी तिकडे प्रोजेक्टवर होतो तेव्हा झाला. पासपोर्ट अमेरिकेचाच आहे त्याचा.”

उठलेले लोक खाली बसले. मग सगळ्या माना शार्दूलला शोधू लागल्या. आठ वर्षांचा शार्दूल स्टेजच्या कडेला मांडी घालून बसला होता आणि सत्काराच्या नारळाची शेंडी हातानं उपटली तेवढी उपटून झाल्यावर उरलेली दातानं ओढत होता.

“त्याची आई आमच्या कऱ्हाडची,” देवयानीताई म्हणाल्या, आणि हे अगदी खरं होतं.

पुढचं सगळं फार पटकन घडलं. नकाशावरचा हार निघाला आणि शार्दूलच्या गळ्यात पडला. परीक्षितनं स्वतःच्याच मुलाच्या खांद्यावर शाल घातली, ती त्याच्या बुटांपर्यंत आली. शार्दूलनं नारळ परत द्यायला हात पुढे केला, पण तो त्यालाच मिळाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. स्लाऊच्या दोघांनी टाइप केलेलं पुसलं आणि शार्दूलच्या आईचं माहेरचं आडनाव काय ते विचारायला पुढे आले.

अजय बाजूला एका खुर्चीत शांत बसला होता. सुचेतानं त्याच्या हातात चहा दिला होता. तनिषा त्याला टेकून उभी होती. आता आपल्याला कुणी काही विचारणार नाही, याचं त्याला थोडं वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं.

“अजय,” परीक्षितनं हॉलच्या त्या टोकाकडून हाक मारली, “कधी जमेल रे याला?”

“पस्तीस पूर्ण लागतात,” अजय म्हणाला. “बावन्न साली थोडक्यात हुकेल. छप्पन्नला उभा राहू शकतो. पण त्याआधी चौदा वर्षं तिकडे राहायला हवं.”

“ते बघू आपण. येईल का निवडून?”

सगळे अजयकडे वळले. अजयनं माधव आजोबांकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. तनिषानं मान हलवून त्याला धीर दिला.

“मला माहीत नाही,” अजय म्हणाला.

आजोबांनी समाधानानं समोसा उचलला. लोक हिरमुसून पांगणार, इतक्यात अजयनं कप खाली ठेवला.

“पेनसिल्व्हेनियात मात्र त्याला जड जाईल.”

आणि सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या त्याच्याभोवती ओढल्या.